नियमांची पाटी आणि वाचकाचे स्वातंत्र्य



शताब्दीच्या वर्षी ग्रंथालयाच्या गतकाळाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संस्थापकांची चिकाटी, पहिल्या ग्रंथसंग्रहाची जमवाजमव, परप्रांतात मराठी वाचनाचा दिवा तेवत ठेवताना पिढ्यान्पिढ्या सोसलेले कष्ट, यांचे गुणगान या समारंभात होईलच. आजच्या विवेचनाचा विषय मात्र पुष्कळांना किरकोळ वाटेल. वाचनकक्षाच्या एका कोपऱ्यात संगणक मांडलेला असतो आणि त्याच्या वरच्या भिंतीवर एक पाटी लावलेली असते. ‘अर्ध्या तासाहून अधिक बसू नये’, ‘फक्त अभ्यासासाठी’, ‘खेळ खेळण्यास सक्त मनाई’, ‘नोंदवहीत नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहावा’ अशा चारसहा ओळी तिच्यावर असतात. ही पाटी बहुधा कोणत्या तरी तक्रारीनंतर घाईने लिहिली जाते आणि मग वर्षानुवर्षे तशीच राहते. परंतु त्या कोपऱ्यात कोण बसू शकेल, काय वाचू शकेल आणि निर्भयपणे वाचू शकेल की नाही, हे तीच पाटी ठरवीत असते. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने तिच्याकडे एकदा लक्षपूर्वक पाहणे अगत्याचे आहे.

या पाटीविषयी सांगावयाचे ते थोडक्यात असे: ग्रंथालयाच्या नियमांनी आसन, वेळ, यंत्र आणि खर्च यांची व्यवस्था लावावी, वाचक काय वाचतो याची व्यवस्था लावू नये. पुढील सर्व विवेचन हा या एका सूत्राचाच विस्तार होय.

वस्तुतः हे सूत्र नवे नाही. ग्रंथालयांच्या जुन्या नियमावल्या पाहिल्या तर त्यांत हेच आढळते. कोणी प्रतीक्षेत असल्यास वृत्तपत्र फार वेळ अडवून ठेवू नये, ग्रंथावर खुणा करू नयेत, पाने दुमडू नयेत, संदर्भग्रंथ घरी नेऊ नये, ठरलेल्या दिवसांत पुस्तक परत करावे. या सर्व नियमांचा हेतू एकच: एकाच्या वाचनामुळे दुसऱ्याचे वाचन अडू नये आणि सामाईक वस्तू खराब होऊ नये. वाचकाने वृत्तपत्रातील अग्रलेख वाचावा की बाजारभाव, कादंबरी घ्यावी की गाथा, हे कोणत्याही शहाण्या ग्रंथपालाने नियमात लिहिले नाही. संगणक आल्यावर मात्र हे भान काहीसे सुटले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांना बडोदे संस्थानाचा दाखला परका वाटू नये. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि शिकलेल्या प्रजेला पुढे वाचावयास काही हवे म्हणून १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह प्रजेसाठी खुला झाला, मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. ज्याच्या घरी ग्रंथ नाही त्याच्यासाठीच सार्वजनिक ग्रंथालय आहे, ही या उपक्रमामागची दृष्टी होती. पुढे १९३१ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी आपल्या पंचसूत्रीत ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे सांगितले. या सूत्रांत ‘ग्रंथ’ या शब्दाच्या जागी ‘संगणक’ हा शब्द घालून पाहिला, तर पाटीवरील निम्मे नियम निरुपयोगी ठरतात आणि उरलेल्या निम्म्यांना अर्थ येतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. आज बहुतेकांच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, मग ग्रंथालयात संगणक हवाच कशाला, असा प्रश्न कार्यकारी मंडळांच्या बैठकींत निघतो. त्याचे उत्तर त्या कोपऱ्यात बसणाऱ्यांकडे पाहिल्यावर मिळते. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज तळहाताएवढ्या पडद्यावर भरताना विद्यार्थ्याची दमछाक होते. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याची २०१४ पासून संगणकावरून सोय झाली. परंतु ती सोय वापरण्यास डोळे आणि बोटे साथ देत नाहीत असे पुष्कळ आहेत. कित्येक घरांत भ्रमणध्वनी एकच असतो आणि तो चौघे हाताळतात. घरातील सुनेला किंवा मुलीला एखाद्या आजाराविषयी, कायद्याविषयी, नोकरीविषयी काही पाहावयाचे असेल, तर त्या भ्रमणध्वनीवर ते पाहणे म्हणजे घरभर सांगण्यासारखेच असते. अशा वाचकाला ग्रंथालयाचा संगणक ही चैन नसून एकमेव खिडकी असते. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. न्यायालयाने जे हक्क म्हणून मानले, त्याच्याकडे ग्रंथालयाने उपकार म्हणून पाहू नये.

आता पाटीवरील एकेका ओळीचा विचार करू.

पहिली ओळ वेळेची. यंत्र एक आणि वाचक अनेक असतील तर वेळेची मर्यादा हवीच. तो न्यायाचा भाग आहे. परंतु अर्धा तास हा आकडा कोठून आला, याचा विचार बहुधा झालेला नसतो. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना कागदपत्रांची प्रतिमा चढवावी लागते, भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो, मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. अर्ध्या तासाने उठविलेल्या वाचकाचा अर्धा तास फुकट जातो आणि दुसऱ्या दिवशीचाही. म्हणून नियम असा असावा की, एका वेळी एक तास. कोणी प्रतीक्षेत नसेल तर वाचकाने निश्चिंतपणे बसावे. आणि अर्ज अर्धवट असेल तर पुढच्या वाचकाच्या संमतीने पंधरा मिनिटे अधिक द्यावीत. मर्यादा रांगेसाठी असते, घड्याळासाठी नव्हे.

दुसरी ओळ ‘फक्त अभ्यासासाठी’. हिच्यामागील हेतू चांगला असला तरी ती सर्वांत घातक आहे. अभ्यास कशास म्हणावे? परदेशी असलेल्या मुलाचे पत्र वाचणारी आई अभ्यास करीत नाही. नोकरीचा अर्ज करणारा तरुण अभ्यास करीत नाही. शेतीचे भाव पाहणारा किंवा रेल्वेचे तिकीट काढणाराही अभ्यास करीत नाही. आणि या चौघांचीही निकड अभ्यासाहून कमी नसते. शिवाय हा नियम अमलात आणावयाचा तर कोणीतरी वाचकाच्या खांद्यावरून पडद्यात डोकावलेच पाहिजे. कथाकादंबऱ्यांनी वाचकांची अभिरुची बिघडते, असे एकेकाळी पुष्कळांना वाटत असे. तरीही ग्रंथालयांनी कथाकादंबऱ्या ठेवल्या आणि त्यांच्या वाचकांच्या वर्गणीवर कित्येक ग्रंथालये तगली. पडद्यावर बुद्धिबळाचा डाव मांडणारा मुलगाही रांग नसताना कोणाचे नुकसान करीत नाही. रांग असेल तर त्याने उठावे. परंतु ते खेळतो म्हणून नव्हे, वेळ संपली म्हणून.

तिसरी ओळ नोंदवहीची, आणि खरा कस येथेच लागतो. संगणकाशेजारी टेबलावर उघडी वही असते. तीत नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक, येण्याजाण्याची वेळ आणि कधी कधी ‘कामाचे स्वरूप’ असाही एक रकाना असतो. दहाव्या ओळीवर सही करणाऱ्याला वरच्या नऊ जणांची माहिती आपोआप वाचावयास मिळते. एखाद्या तरुणीचा भ्रमणध्वनी क्रमांक अशा वहीतून कोठे जाईल, हे सांगावयास नको. काही ठिकाणी तर ओळखपत्राची छायाप्रत घेऊन ती उघड्या फाइलीत लावली जाते.

येथे कायद्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. केंद्र शासनाने एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम केले. ग्राहकाची ओळख पटविणे आणि वापराची नोंद किमान एक वर्ष जपून ठेवणे अशी बंधने त्यांत आहेत. परंतु सायबर कॅफे म्हणजे व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात लोकांना इंटरनेट उपलब्ध करून देणारी सोय, अशी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील व्याख्या आहे. ग्रंथालयाची सेवा या व्याख्येत येते की नाही, याविषयी कार्यकारी मंडळाने वकिलाचा लेखी सल्ला घेऊन तो दप्तरी ठेवावा. कायदा जेवढी नोंद मागत असेल तेवढी अवश्य ठेवावी. परंतु दुकानाच्या भीतीने ग्रंथालयाने दुकानाहून अधिक चौकशी करू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि २०२३ साली संसदेने व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदाही केला. गरजेपुरतीच माहिती घ्यावी आणि गरज संपताच ती काढून टाकावी, ही त्यामागची भूमिका ग्रंथालयांनी स्वतःहून स्वीकारण्यासारखी आहे.

वाचकाची नोंद जपणे म्हणजे काय, हे अमेरिकेतील एका प्रसंगावरून कळते. तेथील ग्रंथालय संघटनेने १९३९ सालीच आपल्या आचारसंहितेत, वाचकाविषयी कळलेली खासगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले होते. २००५ साली कनेक्टिकट राज्यातील ग्रंथालयांची संगणकसेवा सांभाळणाऱ्या एका संस्थेकडे तपासयंत्रणेने एका दिवसातील सुमारे पाऊण तासाच्या इंटरनेटवापराची माहिती मागितली. पत्र मिळाल्याचे कोणास सांगण्यासही मनाई होती. त्या संस्थेच्या चार ग्रंथपालांनी माहिती न देता न्यायालयात धाव घेतली आणि २००६ साली ती मनाई उठली. यातील बोध ग्रंथपालांच्या धैर्यापुरता नाही. प्रत्येक ग्रंथपालाला असा लढा देता येईल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. बोध असा की, जी नोंद मुळात ठेवलीच नाही ती कोणी मागू शकत नाही, चोरू शकत नाही आणि तिच्यासाठी कोणाला झगडावेही लागत नाही.

म्हणून आपल्या ग्रंथालयात सभासद क्रमांक आणि वेळ एवढीच नोंद पुरेशी मानावी. ती सुट्या चिठ्ठीवर घ्यावी आणि चिठ्ठी ग्रंथपालाच्या खणात जावी. ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना छापूच नये. यंत्राच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. वाचकांसाठी अतिथी खाते वेगळे ठेवावे. वाचक उठताच त्या खात्यातील इतिहास, उतरवून घेतलेल्या फाइली आणि चुकून राहिलेले संकेतशब्द आपोआप पुसले जातील, अशी मांडणी करता येते आणि यंत्र पुन्हा सुरू होताच सकाळच्या स्थितीत येते. ही मांडणी एकदाच करावी लागते. तरीही वाचकाने आपल्या खात्यातून बाहेर पडूनच उठावे, हे पाटीवर ठळक अक्षरांत हवे. कारण खाते उघडे ठेवून उठणे म्हणजे बँकेच्या काउंटरवर पासबुक आणि सही केलेला कोरा चेक ठेवून येण्यासारखे आहे.

चौथी ओळ मनाईची: अमुक संकेतस्थळे पाहू नयेत. या प्रश्नाला एक जुना आणि बोधप्रद इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत वृत्तपत्रांतील घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्यांवर रोज सकाळी काळी शाई फासली जात असे, जेणेकरून जुगार खेळणाऱ्यांची गर्दी वाचनकक्षात होऊ नये. जुगार त्यामुळे थांबला नाही. मात्र त्या पानामागचा मजकूरही काळ्या शाईत बुडाला आणि प्रामाणिक वाचकाला तो मुकावा लागला. आजची गाळणी हे त्या काळ्या शाईचेच नवे रूप होय. शब्द पाहून अडविणारी गाळणी अर्थ पाहत नाही. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना एका इंटरनेट कंपनीकडे नावनोंदणी करता येईना, कारण गावाच्या नावातील काही अक्षरे एका अश्लील शब्दाशी जुळत होती. स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणारी स्त्री अशाच गाळणीत अडकू शकते आणि तिने ग्रंथपालाकडे जाऊन कारण सांगावे, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे.

तथापि, गाळणी अजिबात नको असे म्हणणेही व्यवहाराला धरून होणार नाही. ग्रंथालयात मुले येतात आणि पालकांची काळजी खोटी नसते. कायद्याने गुन्हा ठरविलेल्या गोष्टींना ग्रंथालयात थारा नाही, हे उघडच आहे. अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांना गाळणी बसविणे भाग पडले आणि २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. परंतु प्रौढ वाचकाने मागणी केल्यास गाळणी दूर करता येते, ही बाब त्या निर्णयात महत्त्वाची ठरली. हा मध्यममार्ग घेण्यासारखा आहे. बालविभागात गाळणी असलेला वेगळा संगणक ठेवावा. प्रौढांच्या संगणकावर गाळणी असल्यास ती आहे हे पाटीवर लिहावे. आणि प्रौढ सभासदाने सांगताच, कारण न विचारता, ती उठवावी. पडदा असा ठेवावा की, ये-जा करणाऱ्यास तो दिसणार नाही. त्यामुळे वाचकाचा खासगीपणा राहतो आणि पडद्यावरील दृश्याने शेजारच्यास संकोच होण्याचे कारणही उरत नाही.

पाचवी गोष्ट पाटीवर बहुधा नसतेच. ती म्हणजे मदतीची. नवख्या वाचकाला कर्मचाऱ्याने मदत करावी, हे ग्रंथालयाचे भूषण आहे. परंतु मदत आणि ताबा यांत अंतर आहे. कळफलक वाचकाच्या हाती राहावा आणि कर्मचाऱ्याने शेजारी उभे राहून दाखवावे. वृद्ध किंवा दृष्टिहीन वाचकासाठी अर्ज भरून देण्याची वेळ आलीच, तर त्याच्यासमोर, त्याला मोठ्याने वाचून दाखवीत भरावा. संकेतशब्द आणि भ्रमणध्वनीवर आलेला क्रमांक वाचकानेच टाकावा. कर्मचाऱ्याने तो विचारू नये आणि लिहून तर मुळीच ठेवू नये. या नियमाने वाचकाचे रक्षण होते, तसेच कर्मचाऱ्याचेही. उद्या खात्यात काही गडबड झाली तर संशयाचे बोट त्याच्याकडे वळत नाही.

खर्चाचाही विचार स्पष्ट असावा. संगणकावर बसणे सभासदास विनामूल्य असावे. मुद्रित प्रतीसाठी कागद व शाई यांच्या खर्चापुरता दर पाटीवर लिहावा. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००२ साली आपल्या इंटरनेटविषयक जाहीरनाम्यात माहितीच्या वाटेत विचारसरणीची, राजकारणाची, धर्माची वा पैशाची आडकाठी नसावी, असे सांगितले आहे. प्रती काढताना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे भान हवे; खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी रास्त उपयोगाची मुभा तो देतो, अख्खे पुस्तक छापून नेण्याची नव्हे.

शेवटची गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांपुरती, परंतु महत्त्वाची. आपल्या गावात विकत घेतलेला संगणक सहसा इंग्रजी वा स्थानिक भाषेसाठी सज्ज असतो. मराठी त्यात कोणीतरी आठवणीने बसवावी लागते. एके काळी प्रत्येक मुद्रणालयाचा टंक निराळा असे आणि एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर वाचता येत नसे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले. पुढे युनिकोडचा वापर सार्वत्रिक झाला आणि ती अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही उपलब्ध आहे. तेव्हा संगणकावर देवनागरी कळफलक असणे, त्याचा तक्ता शेजारी चिकटविलेला असणे आणि या मराठी ज्ञानसाधनांची वाट पहिल्याच पडद्यावर दिसणे, हा नियमावलीचाच भाग मानावा. शंभर वर्षांपूर्वी मराठी पुस्तक परमुलखात आणून ठेवणे हे जे कार्य होते, तेच आज या रूपाने करावयाचे आहे. आणि पाटी मराठीबरोबर त्या प्रांताच्या भाषेतही लिहावी, कारण शेजारधर्मही ग्रंथालयानेच शिकवावयाचा असतो.

वरील विवेचनाचे सार म्हणून कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ पुढील मसुदा ठेवण्यात येत आहे.

१. संगणक सर्व सभासदांसाठी विनामूल्य आहे. एका वेळी एक तास. रांग नसल्यास अधिक.
२. वापराचे कारण विचारले जाणार नाही.
३. सभासद क्रमांक व वेळ एवढीच नोंद होईल. कायद्याने अधिक नोंद आवश्यक ठरल्यास ती कोणती व किती काळ ठेवली जाईल, हे येथे लिहिले जाईल.
४. वाचकाने उठताना आपल्या खात्यातून बाहेर पडावे. यंत्रावर ठेवलेल्या फाइली पुसल्या जातील.
५. पेन ड्राइव्ह तपासल्यावरच जोडावा. यंत्राच्या मांडणीत फेरबदल करू नयेत.
६. कायद्याने निषिद्ध गोष्टींस मनाई आहे. गाळणी असल्यास प्रौढ सभासदाच्या सूचनेवरून ती दूर केली जाईल.
७. मुलांसाठी बालविभागातील संगणक आहे. पालकांनी सोबत बसावे, ही विनंती.
८. कर्मचारी मदत करतील. संकेतशब्द कोणासही सांगू नये.
९. मुद्रित प्रतीचा दर स्वतंत्रपणे लावला आहे.
१०. नियम मोडल्यास प्रथम समज दिली जाईल. वापर थांबविण्याचा निर्णय लेखी असेल आणि त्याविरुद्ध कार्यकारी मंडळाकडे दाद मागता येईल.

या दहा ओळींतील पहिला शब्द मनाईचा नाही, याकडे लक्ष वेधणे उचित होईल. पाटी वाचून वाचकाला प्रथम कळावे ते आपल्याला काय करता येते. काय करू नये ते नंतर. नियम कठोर केल्याने संगणक कदाचित अधिक काळ टिकेल. परंतु ज्याला दुसरीकडे कोठेही जागा नाही असा एक वाचक पाटी वाचून दारातूनच परतला, तर ते टिकलेले यंत्र शोभेचेच ठरेल. आपल्या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात पदार्पण करताना ही पाटी नव्याने लिहावी, एवढी विनंती करून या विवेचनास विराम देणे योग्य.